तज्ज्ञाची सनद कोण तपासणार?



तुमच्यापैकी काही जणांना गुन्हेगारीशास्त्र किंवा फॉरेन्सिक शिकायचे आहे. अशा मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो, "कोर्स केल्यावर डॉक्टर-वकिलासारखी सनद मिळते का?" उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. आज मी या 'नाही'विषयी बोलणार आहे, कारण त्याची किंमत फक्त विद्यार्थ्यांना मोजावी लागत नाही.

वकिलाला १९६१च्या कायद्याप्रमाणे बार कौन्सिलची सनद घ्यावी लागते. गैरवर्तन केले तर ती जाऊ शकते. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, त्याचा कायदा १९४८चा आहे. रिक्षा चालवायलाही बॅज लागतो. पण उद्या मी घरावर 'गुन्हेगारीशास्त्रज्ञ' अशी पाटी लावली, तर मला थांबवणारी कोणतीही परिषद आपल्या देशात नाही. तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर इंजिनिअरला तरी कुठे परवाना असतो? खरे आहे. पण माझ्या कोडमध्ये चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त करता येते. तज्ज्ञाच्या चुकीमुळे तुरुंगात गेलेली वर्षे परत देता येत नाहीत.

एक फरक आधी समजून घेऊ. गुन्हा का घडतो, गुन्हेगार कसा घडतो, शिक्षेने काय साधते, याचा अभ्यास गुन्हेगारीशास्त्रज्ञ करतो. रक्त, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, मोबाइल यांची तपासणी न्यायसहायक विज्ञानाचा तज्ज्ञ करतो. फिलिपिन्समध्ये ही दोन्ही अंगे एकाच परवान्याच्या परीक्षेत येतात. तिथे १९७२ साली गुन्हेगारीशास्त्रज्ञांसाठी कायदा झाला आणि २०१८ साली त्याच्या जागी नवा आला. गुन्हेगारीशास्त्राची पदवी घ्यायची, सहा विषयांची सरकारी परीक्षा द्यायची, सरासरी ७५ टक्के मिळवायचे आणि मगच नोंदणी. व्यवसायाला आचारसंहिता आहे आणि ती मोडली तर परवाना रद्द करण्याचा अधिकार मंडळाला आहे.

आपल्याकडे काय आहे? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार त्या विषयात विशेष कौशल्य असलेली व्यक्ती म्हणजे तज्ज्ञ. कौशल्य आहे की नाही, हे त्या त्या खटल्यात न्यायाधीशांनी ठरवायचे. त्यासाठी कुठल्या नोंदणीची अट नाही. शिवाय कायद्यात नमूद केलेल्या सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेता येतो. न्यायालय त्यांना बोलावू शकते, पण बोलावलेच पाहिजे असे नाही.

याचा अर्थ काय होतो, ते बंगळुरूच्या प्रयोगशाळेच्या उदाहरणावरून कळते. २०००नंतरच्या दशकात तिथल्या एका अधिकाऱ्याने देशभरातल्या गाजलेल्या प्रकरणांत नार्को चाचण्या केल्या. तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण, केरळमधल्या सिस्टर अभया यांच्या मृत्यूचे प्रकरण त्यात होते. २००६चे मुंबई रेल्वे बॉम्बस्फोट आणि मालेगावचा स्फोट या प्रकरणांतले आरोपीही त्यात होते. २००९ मध्ये कर्नाटक सरकारने शैक्षणिक कागदपत्रे बनावट असल्याचे कारण देऊन त्या अधिकाऱ्याला बडतर्फ केले. मालेगावच्या त्या खटल्यातल्या मुस्लिम आरोपींना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. रेल्वे स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. हे निकाल केवळ नार्कोमुळे लागले, असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न साधा आहे : ज्याच्यासमोर माणसाला इंजेक्शन देऊन बोलते केले जात होते, त्याची कागदपत्रे इतकी वर्षे कोणी तपासली?

आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. तेलगी प्रकरणातले आरोपी आणि अभया प्रकरणातले धर्मगुरू याच टेबलावरून गेले. म्हणून ही मागणी आपण नागरिक म्हणून करायची आहे.

परवाना आला की सगळे ठीक होईल, असेही समजू नका. नार्को चाचणी परवानाधारकाने केली म्हणून विश्वासार्ह होत नाही. ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग करणे घटनाबाह्य आहे. म्हणजे माणूसही तपासायला हवा आणि पद्धतही. ब्रिटनने २०२१ मध्ये 'फॉरेन्सिक सायन्स रेग्युलेटर' या पदाला कायद्याचा आधार दिला आणि ऑक्टोबर २०२३ पासून प्रयोगशाळांना लागू होणारी आचारसंहिता अमलात आणली. तिथे भर कामाच्या दर्जावर आहे.

हे आत्ताच बोलायचे कारण म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेले नवे फौजदारी कायदे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होणार आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. मोबाइल किंवा संगणकातला पुरावा दाखल करताना प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. आतले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. मात्र पोलिसांनी फोन ताब्यात घेतल्यानंतर आठवड्याने हॅश काढली, तर मधल्या आठवड्याविषयी ती काहीच सांगत नाही. हे ज्याला कळते तो तज्ज्ञ. पण सही करणारा हा तज्ज्ञ नेमका कोण, याची व्याख्या त्या कलमात नाही. काम वाढते आहे, माणसे लागणार आहेत, आणि दारावर तपासणी नाही.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी 'अस्मा-उर-रिजाल' हे स्वतंत्र शास्त्र उभे केले. कथन काय आहे हे पाहण्याबरोबरच सांगणारा कोण, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खरे बोलणारा आहे का, ज्याचे नाव सांगतो त्याला तो भेटला होता का, हे त्यांनी तपासले. कमकुवत रावीची नोंद 'कमकुवत' म्हणूनच झाली. साक्षीदाराची पारख म्हणजे त्याचा अपमान, असे त्यांना वाटले नाही.

मग आपण काय करायचे? जे या क्षेत्रात जाणार आहेत त्यांनी जरूर जावे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारीशास्त्र शिकता येते. फक्त सनद मागणारी पहिली पिढी तुम्ही व्हा, ती आल्यावर तक्रार करणारी नव्हे. कायदा शिकणाऱ्यांनी उलटतपासणीत तीन प्रश्न पाठ करावेत : तुमचे शिक्षण कुठे झाले, ही पद्धत कोणी पडताळली, तिच्यात चुकीचे प्रमाण किती? आणि बाकीच्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज करावा. आपल्या विभागाच्या प्रयोगशाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रत्येक पदाला किमान पात्रता कोणती, आणि नेमणुकीवेळी प्रमाणपत्रांची पडताळणी झाली का? अर्जाला दहा रुपये लागतात. कसा लिहायचा ते कोणाला हवे असेल, तर भाषण संपल्यावर थांबा. आपण इथेच बसून लिहू.