कानाचं मशीन आणि आपलं बोलणं

आज बचतीचा हिशेब नाही आणि कर्जाचा हप्ताही नाही. आज आम्ही कानाबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवातीलाच एक कबुली देतो. आमच्या गटाकडून एक चूक झाली होती. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे बोलणं.

आमच्या गटातल्या एका ताईची लेक दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. एकदा महिन्याच्या बैठकीत कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट खाली पडलं. सगळी पोरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. ही मात्र पाठ करून मातीत खेळत राहिली. ताईने हळूच विचारलं, "बायांनो, हिला ऐकू येत नसेल का?" आम्ही काय म्हणालो माहीत आहे? "अगं, हिचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता!" एकीने मध चाटवायला सांगितला, एकीने नवस बोलायला सांगितला. ताई गप्प बसली. तिला आमच्यावर विश्वास होता. त्या विश्वासापायी त्या लेकराचं सव्वा वर्ष गेलं.

पुढे अंगणवाडीत तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून दोनदा येतात, ते. त्यांनी पोरीच्या पाठीमागे उभं राहून टाळी वाजवली, खुळखुळा वाजवला, आणि जिल्ह्याच्या सिव्हिलला चिठ्ठी दिली. तिथून पुढे बेरा नावाची तपासणी झाली. मूल झोपलेलं असताना डोक्याला छोट्या पट्ट्या लावतात, कानात आवाज देतात आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो का ते मशीनवर बघतात. सुई नाही, दुखत नाही. निकाल आला, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अशा लेकराला आपण सरळ "मुकं" म्हणून मोकळं होतो. पण बहुतेक वेळा त्याचा गळा आणि जीभ चांगली असते. ऐकलेलं नसतं म्हणून ते बोलत नाही. आपण तरी मराठी कशी शिकलो? आईच्या कडेवर बसून ऐकून ऐकूनच ना?

आता कान कसा चालतो ते बघू. आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन बारक्या हाडांवरून आत जातो आणि शंखासारख्या वळणाच्या एका नळीत पोहोचतो. ही नळी वाटाण्याएवढी असते. तिच्यात पाणी असतं आणि केसांसारखे तंतू असलेल्या हजारो पेशी असतात. वाऱ्याने ज्वारीचं रान डोलावं तसे हे तंतू आवाजाने डोलतात, त्यातून बारीक वीज तयार होते आणि नसेवाटे मेंदूला जाते. आमच्या ताईच्या लेकीच्या या पेशीच काम करत नव्हत्या. अशा वेळी कानामागचं साधं यंत्र पुरत नाही, कारण ते फक्त आवाज मोठा करतं. रानात पीकच उभं नसेल तर वारा कितीही जोरात आला तरी डोलणार काय?

म्हणून कॉक्लिअर इम्प्लांट करतात. त्याचे दोन भाग असतात. एक भाग ऑपरेशन करून कानामागे कातडीखाली बसवतात आणि त्याची बारीक तार त्या शंखात सरकवतात. दुसरा भाग बाहेर, कानामागे लावायचा. तो आवाज पकडतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणाऱ्या चकतीतून आत पाठवतो. आतली तार मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला वीज देते.

त्या वळणदार शंखात तार न मोडता सरकवायची कशी, हा मोठा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. त्यांचं औषधाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची होणारी कुचंबणा मुलाने लहानपणापासून पाहिली होती. 1977 साली समुद्रकिनारी बसलेले असताना डॉक्टरांनी एका शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला मऊ आणि बुडाशी ताठ असलेली पाती बरोबर वळत आत गेली. मग तारही तशीच बनवली, आणि 1978 मध्ये मेलबर्न शहरात त्यांनी पहिलं ऑपरेशन केलं. गवत तर आपण रोजच कापतो, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते.

पण एवढा खर्च कुठून आणायचा? खाजगीत हे काम काही लाखांत जातं. ताईने तर शेत विकायचं बोलायला सुरुवात केली होती. तेव्हा कळलं की केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरीब घरातल्या लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. त्याचं काम मुंबईला वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बघते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी या योजनेत वयाची अट साधारण पाच वर्षांपर्यंतची आहे, म्हणून दिवस दवडून चालत नाही. उत्पन्नाचा दाखला, आधार आणि दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. आधी काही महिने साधं यंत्र लावून बघतात, त्याने भागत नाही असं दिसलं तरच ऑपरेशन. कागदांसाठी तहसीलला आणि सिव्हिलला आम्ही आळीपाळीने ताईबरोबर गेलो, आणि एसटीच्या भाड्याला गटातून अंतर्गत कर्ज दिलं. शेत वाचलं.

ऑपरेशन झालं तेव्हा पोरगी साडेतीन वर्षांची होती. आम्हाला वाटलं, आता घरी आली की "आई" म्हणेल. पण टाके भरल्यावर जवळजवळ महिन्याने मशीन सुरू केलं, आणि पहिला आवाज कानात पडताच ती भोकाड पसरून रडली! डॉक्टर म्हणाले, रडली म्हणजे ऐकलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही बैठकीच्या वहीत लिहून ठेवली आहे. मशीन सुरू झालं तो दिवस म्हणजे ऐकण्याचा जन्मदिवस. लेकरू साडेतीन वर्षांचं दिसत असलं तरी त्याचे कान आज जन्माला आले. तान्ह्या बाळाशी जसं बोलतो तसं आता बोलायचं, रोज.

आणि इथेच दुसरी चूक झाली. ऊसतोडीचे दिवस आले आणि ताई-दाजी फडावर गेले. पोर आजीकडे राहिली. आजीला त्या चुंबकाची भीती वाटायची. त्यातच चकतीची वायर तुटली. ते मशीन फडक्यात गुंडाळून डब्यात गेलं आणि चार महिने डब्यातच राहिलं. लाखो रुपयांची वस्तू, सरकारने दिलेली, आणि लेकरू पुन्हा शांततेत.

ताई परत आली आणि डबा बघून ओट्यावरच बसून रडली. आजीला कुणी बोल लावला नाही. तिला समजावून कुणी सांगितलं होतं? गावात कुणी फिरकलं होतं का? आम्हीही नाही.

त्या रात्री आम्ही बैठक घेतली. वायरीसाठी कर्ज मंजूर केलं. आजीला पुढच्या स्पीच थेरपीला शहरात घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी आजीच्याच हातात चकती दिली आणि लावायला शिकवली. मग ठरवलं, रोज एकीने अर्धा तास त्या घरी जायचं आणि फक्त बोलायचं. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, शेळीला पाला टाकताना. "बघ, शेळी आली. शेळी बें करते. शेळीला पाला दे." तोंड झाकायचं नाही, टीव्ही बंद ठेवायचा, आणि बोलून झालं की थांबायचं, लेकराला वेळ द्यायचा. यात आजी सगळ्यांच्या पुढे गेली. जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. त्या म्हणायला तिला आता ऐकणारी नात मिळाली.

सात महिन्यांनी ती पोर दाराशी आली आणि म्हणाली, "शेई". शेळी! आई नाही, आजी नाही, शेळी. त्या दिवशी आम्ही गटाच्या पैशातून नाही, आपापल्या पदरचे पैसे घालून पेढे वाटले.

आज ती दुसरीत आहे. सगळं ठीक झालं असं आम्ही सांगणार नाही. आपल्या कानात हजारो पेशी असतात, त्या तारेवर विजेची बारा ते बावीस टोकं. त्यामुळे तिला ऐकू येतं ते आपल्यासारखं नाही. गर्दीत, लग्नाच्या डीजेत तिला शब्द कळत नाहीत. शाळेत ती पहिल्या बाकावर बसते. रात्री मशीन काढलं की ती पुन्हा ऐकू शकत नाही. काही शब्द अजून अडतात. गेलेली दीड-पावणेदोन वर्षं पुरती भरून आली नाहीत, आणि त्यातला मोठा वाटा आमचा आहे.

सगळ्यांनाच हे ऑपरेशन चालतं असंही नाही. कुणाची नसच काम करत नाही, कुणाचं वय पुढे गेलेलं असतं. अशा लेकरांना हातांची, खुणांची भाषा शिकवा, मूकबधिर शाळेत घाला. तीही पुरी भाषा आहे, तिला हसू नका. आणि ज्यांना आधी ऐकू येत होतं, बोलता येत होतं आणि मग कान गेले, अशा मोठ्या माणसांनाही इम्प्लांटचा उपयोग होतो. डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

आता कामाच्या गोष्टी. बाळ मोठ्या आवाजाला दचकत नसेल, सहा महिन्यांचं होऊन आवाजाकडे मान वळवत नसेल, वर्षाचं होऊन एकही शब्द काढत नसेल, तर थांबू नका. आशाताईला सांगा. बाळ कमी दिवसांचं असेल, जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं असेल, जास्त कावीळ झाली असेल किंवा नात्यात लग्न झालेलं असेल, तर कान आधीच तपासून घ्या. गरोदरपणात बाईला रुबेला झाला तर बाळाचे कान जाऊ शकतात. म्हणून मुलांना नऊ महिन्यांनंतरची आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवर-रुबेलाची लस चुकवू नका.

इम्प्लांट झालेलं मूल असेल तर आंघोळीच्या वेळी बाहेरचं मशीन काढा. डोक्याला मार लागू देऊ नका. एमआरआय काढायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना इम्प्लांटबद्दल सांगा. मेंदूज्वराची लस कोणती द्यायची ते विचारून घ्या. मशीन घेतानाच गॅरंटी किती वर्षांची आणि वायर कुठे मिळते ते लिहून घ्या. बॅटरी-वायरीसाठी महिन्याला थोडे पैसे बाजूला टाका. बचत करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि शेवटचं. पुढच्या बैठकीत कुणी ताई हळू आवाजात म्हणाली, "हिला ऐकू येत नसेल का?" तर तिला "बोलेल गं" म्हणून गप्प करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिच्याबरोबर जा.