‘कासव’ आणि आपला ग्रुप



मला ‘तंत्रज्ञान आणि आपली मुलं’ यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. संयोजकांना विचारून विषय बदललाय. मी ‘कासव’ या चित्रपटाबद्दल बोलणार आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट; ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळालं. जीव द्यायचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) तापाने फणफणलेला असताना जानकीला (इरावती हर्षे) भेटतो आणि ती त्याला कोकणातल्या घरी नेते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. त्या घरात त्याला जेवण मिळतं, झोपायला जागा मिळते. असं का केलंस, म्हणून कोणी त्याच्या मागे लागत नाही.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एकीने ग्रुपवर लिहिलं होतं, मुलगा कॉलेजला जात नाही, दिवसभर पडून असतो. (तिला विचारूनच सांगतेय.) अर्ध्या तासात सल्ल्यांची रांग लागली. मोबाईल काढून घे, पहाटे उठव, गावी पाठव. “त्याला कमी काय आहे?” हेही आलंच. सगळे मायेनेच बोलत होते. पण नंतर ती मला म्हणाली, “उत्तरं देऊन देऊन दमले गं. डॉक्टरांकडे जायचं बळच उरलं नाही.” शेवटी आपल्यातलीच एक तिच्याबरोबर गेली आणि दवाखान्यातल्या बाकावर दोन तास बसून राहिली. मुलाचे उपचार त्या दिवसापासून सुरू झाले.

आमच्या कामात आधी बिघाडाचं मूळ शोधतात. नैराश्यात कारण सापडायच्या आधीही उपचार सुरू करता येतात, हे माझ्यासारखीला पचायला जड गेलं.

जानकीकडे मोठं घर आहे, गाडी आहे, मुख्य म्हणजे वेळ आहे. आपल्याकडे ते नाही, हे मान्य. पण बाकावर बसायला बंगला लागत नाही.

डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. इथे ते कासवं जपणारे दत्ताभाऊ झालेत. आपल्या किनाऱ्यावर कासवाची अंडी कुंपणात सांभाळतात. पिल्लं बाहेर आली की मात्र उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर सोडतात, कुत्री-कावळे येऊ नयेत म्हणून जवळ उभे राहतात, आणि पिल्लं आपली आपण समुद्रापर्यंत जातात. वेळ लागतो.

टेली-मानसचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा. बाई घड्याळाकडे बघतायत, तेव्हा थांबते.