फ्यूज उडतो तेव्हा
(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला आपापल्या छंदावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. माझ्याआधी कुणी गाणं म्हटलं, कुणी गडकिल्ल्यांचे अनुभव सांगितले. माझा छंद जरा तेलकट आहे. रविवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून मी माझ्या मोटरसायकलची कामं स्वतः करतो. दहावीला मला शास्त्रात किती मार्क पडले, हे समोर बसलेल्या सरांना आठवत असेल. त्यांनी कृपा करून ते सांगू नये.

पहिला धडा ऑइलचा. भावाच्या कारचं ऑइल बदलल्यावर डब्यात लिटरभर उरलं होतं. महागाची वस्तू, वाया कशाला घालवायची, म्हणून मी ते माझ्या गाडीत ओतलं. थोड्याच दिवसांत चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि चाक मात्र निवांत! क्लच घसरत होता.

कारण नंतर कळलं. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघेही एकाच ऑइलमध्ये नांदतात. गिअरच्या साध्या कारमध्ये मात्र क्लच सहसा कोरडा, वेगळा असतो. म्हणून कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालता येतात. इंजिनाला ती मानवतात, पण ऑइलात बुडालेल्या क्लचचं सगळं कामच घर्षणावर! तेव्हा डबा घेताना त्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलंय का, ते बघा. ‘१०डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल कसं वाहील ते सांगतो, दुसरा तापल्यावर ते किती दाट राहील ते. कुठला आकडा घ्यायचा, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेलं असतं. दुकानदार किंवा शेजारी काय म्हणतात ते नंतर. माझ्या त्या काटकसरीपायी क्लचप्लेटा बदलाव्या लागल्या.

हा धडा पैशांवर निभावला. दुसरा निभावला नसता.

२००८ सालचा पावसाळा. पसरणी घाटात धुकं इतकं उतरायचं, की पुढचं वळण दिसायचं नाही. म्हणून मी गाडीला ५५ वॅटचे दोन जादा दिवे बसवले. वायर कुठे जोडायची? हाताला लागली ती हॉर्नची. दिवे लावले, की फ्यूज उडायचा. नवा घातला, तोही उडाला. तिसऱ्यांदा मी वैतागलो आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. दिवे झकास लागले. मी स्वतःवर खूश!

पुढच्याच रविवारी आम्ही पाचगणीला निघालो. मागे बायको, पुढे टाकीवर पाच वर्षांचा मुलगा. घाट अर्धा चढलो असू, तोच मुलगा म्हणाला, “बाबा, कसला वास येतोय?” बघतो तर टाकीखालून धूर. मी किल्ली बंद केली, पोराला उचलून बायकोच्या हातात दिलं आणि दोघांना लांब पिटाळलं. धूर थांबला. पुढचे काही क्षण मी टाकीकडे नुसता बघत उभा होतो. जिथे माझं पोर बसलं होतं, त्याच्या वीतभर खाली वायरी जळत होत्या, आणि मध्ये पेट्रोल होतं.

वाईच्या मेकॅनिकने टाकी उतरवली. वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने तांब्याची तार काढून विचारलं, “हे कुणी घातलं?” मी म्हणालो, “माहीत नाही.”

गणित साधं होतं. दोन दिव्यांचे ११० वॅट, बॅटरी १२ व्होल्टची. ११० भागिले १२, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. फ्यूज सातचा. तो बिघडलेला नव्हता, ओरडून सांगत होता. मी त्याचं तोंड बंद केलं, मग त्याच्याऐवजी हॉर्नची बारीक वायर तापली.

सर, विजेच्या धड्याला तुम्ही दोन सेलना एक बारीक तार जोडून वर्गासमोर जाळून दाखवली होती. ही जळते म्हणून बाकीचं वाचतं, असं तुम्ही समजावलं होतं. मी ते उत्तर परीक्षेत पाठ करून लिहिलं, मार्कही मिळवले. समजलं ते घाटात.

आता मी जादा दिवा लावायचा, तर आधी गाडी तेवढी वीज बनवते का, ते पाहतो. मग बॅटरीपासून वेगळी जाड वायर, तिला बॅटरीजवळ स्वतःचा फ्यूज, आणि मध्ये रिले. कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिली सोडवतो, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. आणि फ्यूज उडाला, की दुसरा घालण्याआधी तो का उडाला ते शोधतो.

तो मुलगा आता स्वतःची मोटरसायकल चालवतो. गेल्या महिन्यात त्याचा फ्यूज उडाला, तेव्हा त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. मेकॅनिकशी खोटं बोललो, तेसुद्धा. राहता राहिले सर. म्हणून आज सर्वांसमक्ष सांगतो : सर, ती तार मीच घातली होती.