केस गळतात तेव्हा आधी रक्त तपासा

(मोखाडा येथे महिलांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोखाड्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कुपोषणाने या भागातली बालकं दगावली आहेत. अशा ठिकाणी केसगळतीवर काय बोलायचं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पण केस गळणं हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. अनेकदा शरीरात रक्त कमी पडत असल्याची ती खूण असते आणि आपण ती तेलाच्या बाटलीखाली झाकतो.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने थांबतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच आहे. कंगव्यात चार केस दिसले म्हणून घाबरू नका. पण मुठीने केस हातात येऊ लागले, भांग रुंद दिसू लागला किंवा एखादी जागा गोल मोकळी झाली, तर दुर्लक्ष करू नका.

मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, मनावरचा मोठा आघात यानंतर बरेच केस एकदम थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून आज केस का गळतात हे शोधताना तीन महिन्यांपूर्वी काय झालं ते आठवा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केस बहुतेकींचे वर्षभरात परत येतात. मात्र याच काळात घरात बोलणी सुरू होतात, नजर लागली म्हणतात, भगताकडे नेतात, ताईत बांधतात. मनाला धीर मिळत असेल तर मिळो, पण रक्ताची तपासणी त्यासाठी थांबवू नका.

कारण खरा धोका तिथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं, तर तो रक्तक्षय. केसांबरोबर दम लागणं, चक्कर येणं, पाळीत जास्त रक्त जाणं असेल, तर शंका आणखी पक्की होते. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. बाळंतपणानंतरच्या गोळ्या मात्र अर्ध्यावर सोडल्या जातात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं असेल, तर गोळ्या सोबत न्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. महिनाभर नीट गोळ्या घेऊनही रक्त वाढलं नाही, तर सिकलसेलची तपासणी करा. आपल्या भागात ती विसरून चालणार नाही.

थायरॉईड बिघडला तरी केस गळतात. पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि भांग विरळ, असं एकत्र दिसलं तर अंडाशयाचा व हार्मोनचा प्रश्न असू शकतो. गोल टक्कल म्हणजे चाई. लहान मुलांच्या डोक्यात खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटलेले केस दिसले, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला तेल नव्हे, पोटात घ्यायचं औषध लागतं आणि ते डॉक्टरच देतील. भांग रुंद होत जाण्यावर मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे, पण ते बराच काळ लावावं लागतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते स्वतःहून लावू नये.

डोक्यावर पदर, ओढणी किंवा हिजाब घेतल्याने केस गळत नाहीत. ओले केस करकचून बांधू नका आणि रोज एकाच जागी ताण पडेल असा अंबाडा घालू नका, एवढं पुरे.

बाजारातल्या केस वाढवायच्या गोळ्यांपासून सावध राहा. जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केसगळतीने हादरली. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला थोडंसं लागतं, अति झालं की केस जातात. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच आहे.

त्यापेक्षा ताटाकडे बघा. नागलीची भाकरी, उडीद-तुरीची डाळ, शेवग्याचा पाला, पावसातल्या रानभाज्या, सुकट, जमेल तेव्हा अंडं. आणि घरात बाई शेवटी जेवते, उरलं तर जेवते, ही पद्धत बदलल्याशिवाय कोणतीही गोळी पुरी पडणार नाही. हे मी इथे बसलेल्या पुरुषांनाही सांगते.

बाईच्या केसांवर समाजाने फार सत्ता गाजवली आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. तेव्हा केस काढून बाईला अपमानित करत होते. आज केस गेले म्हणून टोमणे मारतात, सोयरीक मोडतात. दोन्हींत बाईच्या प्रकृतीची चौकशी कुणीच करत नाही.

ती चौकशी आपण करू. जिचे केस गळतात तिला आशाताईने विचारावं, “रक्त तपासलंस का?” खोडाळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, जव्हारचं कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा. डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा, केस गळताहेत. ही तक्रार लहान नाही.