पुकारा झाल्यावर

कायद्याच्या आजच्या पदवीधरांनो, परीक्षांचं आणि सनदेचं बाकीचे सांगतीलच. मी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि किहीमला राहते, तेव्हा सुरुवात गावापासूनच करते.

आमच्याकडे तय्यबजी कुटुंबाची जुनी घरं आहेत. बाहेरच्यांना किहीम आठवतं ते सलीम अलींच्या सुगरण पक्ष्यांमुळे. मला आठवतात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना आधी नाकारलेला जामीन त्यांनी दिला. ते अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था उभारणाऱ्यांपैकी एक, निष्ठावान मुसलमान. तेव्हा टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले दिनशा दावर पुढे न्यायमूर्ती झाले आणि १९०८ साली त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. वकिली शिकताना हे वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मीही श्रद्धाळू, माळकरी घरातली. तुळशीची माळ गळ्यातल्या बँडच्या आत असायची. एका तालुक्याच्या कोर्टात दारूबंदीची केस आली, तेव्हा आरोपीच्या वकिलांनी बाररूममध्ये सरळ सांगितलं, "माळकरी बाई आहे, सुटका नाही." पंच फितूर झाले होते, मुद्देमालावरच्या सीलचा मेळ लागत नव्हता. मी आरोपीला निर्दोष सोडलं. संध्याकाळी घरी हरिपाठ म्हटला, नेहमीसारखाच. माझ्या श्रद्धेने मला पुरावा कसा वाचायचा ते कधी सांगितलं नाही. समोरच्याला ताटकळत ठेवू नकोस, एवढं मात्र रोज सांगितलं.

त्याच कोर्टात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पत्रं लिहिली, उत्तर यायचं, 'प्रस्ताव विचाराधीन आहे'. दिवसभर पाणी न पिता मी साक्षी नोंदवल्या आहेत. त्याचा राग आजही गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. न्यायासनावर बाई काही नवी नव्हती: ॲना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोरात मुन्सिफ झाल्या, १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात गेल्या. आपलं मुंबई उच्च न्यायालय १८६२ चं. तिथं पहिली स्त्री न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, यायला १९७८ उजाडलं. एकशे सोळा वर्षं! त्याच पुढे सर्वोच्च न्यायालयात, १९९७ च्या विशाखा निकालाच्या खंडपीठावर होत्या. कामाच्या जागी बाईला त्रास झाला तर काय करायचं, याचे नियम त्या निकालाने घालून दिले. संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं.

पण मला खरं बोलायचंय ते तारखेबद्दल. चौलकडच्या एक आजी वाटपाच्या दाव्यात वादी होत्या. नारळ-सुपारीची वाडी, भावांनी हिस्सा दिलेला नव्हता. पहाटेची एसटी, छत्री, पिशवीत भाकरी. पुकारा झाला की त्या पदर सावरून उभ्या राहायच्या आणि समोरून अर्ज यायचा, "सीनियर हायकोर्टात आहेत, तहकुबी मिळावी." दावा माझ्याकडे आला तेव्हा जुना रोजनामा पानोपानी तेवढंच सांगत होता. मी उलटतपासाची तारीख नेमली, खर्च बसवला. त्या तारखेला आजींच्या वकिलांनी मयताचे वारस दाखल करण्याचा अर्ज दिला.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत असं लिहिलं आहे. तुम्ही ते परीक्षेत लिहिलंही असेल. महिन्याभरात तुमचे सीनियर म्हणतील, "जा, तारीख घेऊन ये." मुलांनो, हात जोडून सांगते, रिकाम्या हाताने जाऊ नका. आदल्या रात्री फाईल वाचा, चार प्रश्न लिहून काढा, पुकारा झाला की म्हणा, "मी तयार आहे." सीनियर रागावतील. रागावू द्या. साक्षीदार आलेला असेल, तर त्याला विचारायला सुरुवात करा.