कचेरीची विद्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू-फळ्याच्या सहवासात गेला. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. परंतु शाळेचे दप्तर आम्ही पुष्कळ वर्षे सांभाळले, आणि त्या दप्तराने जे शिकविले तेवढे आपणांपुढे ठेवावे, असा आमचा मानस आहे.

मुलाच्या पाठीवर असते तेही दप्तर आणि कचेरीत असते तेही दप्तरच. आपल्या भाषेने या दोहोंस एकच नाव दिले, यात मोठे औचित्य आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आज आडनावे झाली आहेत. एके काळी ती राज्यकारभारातील जबाबदारीची पदे होती. पुढे मात्र 'कारकुंडा' हा शब्द हेटाळणीचा झाला, आणि कचेरीचे काम म्हणजे बुद्धीचा संबंध नसलेली खर्डेघाशी, असा समज रूढ झाला. हा समज आपल्या मुलांचे नुकसान करीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आज आपल्या घरोघर पदवीधर आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु त्यांतील कित्येकांस साधा अर्ज नीट लिहिता येत नाही. आवक-जावक नोंदवही कशासाठी असते, पत्रावर क्रमांक व दिनांक का घालावयाचा, पोच का घ्यावयाची, हे ठाऊक नसते. सभेचे इतिवृत्त लिहावयाचे म्हटले की सारे एकमेकांकडे पाहतात. पदवी हाती आणि नोकरी दूर, अशी जी स्थिती दिसते, तिचे हे एकमेव कारण नव्हे; पण एक कारण निश्चित आहे.

कागद नीट ठेवणे ही केवळ नोकरीची बाब नाही. जात पडताळणीच्या वेळी काय होते, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले आहे. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. मग आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीचा शोध सुरू होतो. ज्या शाळेत कोणा गुरुजींनी ती ओळ स्वच्छ अक्षरांत लिहिली आणि ते रजिस्टर वाळवीपासून जपले, तेथील नातवाला प्रवेश मिळतो. जेथे पान फाटले वा शाई पुसट झाली, तेथे गुणवान मुलाचेही वर्ष वाया जाण्याचा प्रसंग येतो. साठ वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आजच्या मुलाचे भवितव्य अवलंबून राहावे, यावरून या विद्येचे मोल ध्यानी यावे.

या विद्येला शास्त्र आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कचेरीच्या दप्तराची व कामकाजाची जी पुनर्रचना केली, ती 'लखीना पॅटर्न' म्हणून सर्वत्र गाजली. आपल्या सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धतही सांगितली जाते: चालू कामाचे कागद, उत्तराच्या प्रतीक्षेत असलेले, ठरावीक मुदतीने पाठवावयाचे तक्ते, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात धाडावयाचे आणि नष्ट करावयाचे. 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, 'क' वर्गाचे त्याहून कमी आणि 'ड' वर्गाचे एक वर्ष ठेवावयाचे. काय ठेवावे इतकेच काय टाकावे हेही कळणे, हे व्यवस्थेचे मर्म होय. गृहिणींनी हीच पद्धत घरातील कागदांना लावून पाहावी; सातबारा, वीजबिले आणि लग्नपत्रिका एकाच पिशवीत कोंबण्याची चाल आता पुरे.

हे शिकावे कोठे? अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली जे महाविद्यालय निघाले, ते तेथील सामुदायिक महाविद्यालयांच्या परंपरेतील आद्य गणले जाते. घराजवळ, थोड्या खर्चात आणि थोड्या मुदतीत उपयोगी विद्या द्यावी, ही त्यामागील कल्पना. ती आपल्याकडेही रुजली आहे. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, नोकरी वा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले आहे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखनाची परीक्षा पूर्वी खडखडणाऱ्या यंत्रावर होत असे. आता ती संगणकावर होते. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या पदास मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांची गती लागते. दररोज एक तास बोटे चालविली, तर ही गती कोणासही असाध्य नाही.

मात्र संगणक आला म्हणून सारे आपोआप होईल, असे कोणी मानू नये. ज्यास कागदाचा गठ्ठा लावता येत नाही, तो संगणकातही पसाराच करणार. यंत्र वेग देते. शिस्त माणसानेच द्यावयाची असते.

आता मंडळास एक विनंती. शिक्षणनिधीतून आपण दरवर्षी अधिक गुण मिळविणाऱ्यांस पारितोषिके देतो. ती अवश्य द्यावीत. पण साठ टक्क्यांच्या आतील मुलाचे नाव या व्यासपीठावरून कधीच का पुकारले जाऊ नये? निधीचा काही भाग टंकलेखन, हिशेबलेखन व कार्यालय-व्यवस्था शिकणाऱ्यांच्या शुल्कासाठी राखून ठेवावा. त्यात लेकीसुनांस अग्रक्रम द्यावा. शिक्षण अर्धवट सोडून सासरी आलेल्या कितीतरी हुशार सुना आपल्या घरांत आहेत. आणि जे शिकतील, त्यांनी प्रथम आपल्या मंडळाच्याच दप्तराची सूची करावी. जुनी इतिवृत्ते, देणगीच्या पावत्या, वधूवरांच्या नोंदी यांतून आपल्या कुळांचा इतिहास लिहिला जाईल, आणि कदाचित उद्या एखाद्या नातवास त्याच सूचीचा आधार सापडेल.

पालकांनी एवढेच करावे: मुलगा वा मुलगी असा अभ्यासक्रम घेतो म्हणाली, तर "कारकून होणार का?" असे विचारू नये. नीटनेटके काम करणारे माणूस कोठेही मागे पडत नाही.