जखम भरल्यानंतरचे दुखणे



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, लोकांची गाऱ्हाणी लिहून घेता घेता झाले. आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की या बाबतीत मी एकदा चुकलो आहे.

आमच्या एक सभासद बाई औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, दाखला घेऊन त्या कामावर रुजू झाल्या. पाचएक महिन्यांनी मला म्हणाल्या, "भाऊ, वरच्या फळीवरची खोकी काढवत नाहीत. काखेत विस्तव ठेवल्यासारखं होतं, आणि दंडाला हात लावला तर कळत नाही." मी म्हणालो, "बाई, जखम तर भरली. होईल सवय." त्या गप्प राहिल्या, आणि मी समजलो त्यांना पटले.

पुढे वाचले तेव्हा उमगले. अशा शस्त्रक्रियेत पुष्कळदा काखेतल्या गाठीही काढाव्या लागतात. दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना वाहणारी एक बारीक नस तेथूनच जाते. ती ताणली जाते, कधी कापली जाते. मग तो भाग बधिर होतो, आणि नवल असे की त्या बधिर भागातच आग होते. एक्स-रेमध्ये यातले काही दिसत नाही. साध्या गोळीला ही आग बरेचदा दाद देत नाही. नसांच्या दुखण्याची औषधे वेगळी, आणि ती मिळायची तर आधी डॉक्टरांना दुखणे सांगावे लागते. डेन्मार्कमध्ये २००५-०६ साली शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना दोन-तीन वर्षांनी विचारले. तीन हजारांवर जणींनी उत्तरे दिली. त्यांतल्या शेकडा ४७ जणींना दुखत होते! म्हणजे आमच्या बाई एकट्या नव्हत्या. त्यातून प्रत्येक कळेला मनात धसका, की रोग परत तर नाही आला?

राज्य विमा योजनेत कर्करोगासाठी आजारपणाचा वाढीव भत्ता आहे. पण बाईंना रजा नको होती, खालची फळी हवी होती. व्यवस्थापकांनी दाखला पुढे केला. त्यावर 'कामास योग्य' असा शेरा. दुखणे लिहायला रकानाच नव्हता. दुसऱ्या खेपेला मी बाईंना बरोबर नेले आणि स्वतः गप्प बसलो. पंधरवड्याने त्यांना टेबलावर बसून लेबले लावण्याचे काम मिळाले.

दुखणे अजून आहे. डाव्या कुशीवर झोपता येत नाही, असे परवाच सांगत होत्या.